अडतीसाचे आठ करून देणाऱ्याकडे जाण्याआधी

एम. ए. समाजशास्त्राच्या शेवटच्या सत्रातल्या एका मुलाने विचारलं आहे: "मॅडम, ऊसतोड कामगारांच्या मुलांच्या शिक्षणावर माझा लघुप्रबंध आहे. सॉफ्टवेअरच्या तपासणीत इतरांच्या लेखनाशी ३८ टक्के समानता आली. विद्यापीठासमोरचा डीटीपीवाला तीन हजारांत आठ टक्क्यांवर आणून देतो म्हणतो. सैद्धांतिक प्रकरण मी एका इंग्रजी प्रबंधातून स्वतः भाषांतर करून घेतलंय, ते तर सॉफ्टवेअरला सापडलंच नाही. जमा करायला २४ दिवस आहेत. हे वाङ्मयचौर्यात मोडतं का? मोडत असेल तर आता काय करू?"

एकेरीत बोलते, वर्गातल्या मुलांशी बोलते तसं. राग मानू नकोस.

मोडतं. आणि ते तुला माहीत आहे. "सॉफ्टवेअरला सापडलंच नाही" हे वाक्य तू स्वतः लिहिलंयस. आपण काही उचललंय असं ज्याला वाटतच नाही, त्याच्या मनात सापडण्या-न सापडण्याचा विचार येत नाही. म्हणजे अनवधानाने झालेली चूक आणि जाणूनबुजून केलेली चोरी यांच्यामधली रेघ कुठे असते हे तुला कळतं. त्या रेघेच्या अलीकडे परत कसं यायचं एवढंच आता बोलू.

२६ वर्षं शिकवते आहे आणि विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे नियम आल्यापासून अशी प्रकरणं जिच्यापुढे येतात त्या विभागीय समितीवर अधूनमधून बसतेय. समितीपुढे येणारी बहुतेक मुलं लबाड नसतात. शाळेत निबंध पाठ करून लिहिला तर दहापैकी नऊ गुण मिळालेले असतात, कॉलेजात बाईंनी सांगितलेल्या नोट्स जशाच्या तशा उतरवल्या तर पहिला वर्ग. आणि बाविसाव्या वर्षी अचानक कुणीतरी सांगतं की तू आजवर केलंस त्याला चोरी म्हणतात. ही आपल्या व्यवस्थेची लबाडी आहे आणि त्याबद्दल मुलांना फटकारण्यात अर्थ नाही, असं मी समितीतही म्हणते. पण तुझं प्रकरण त्यात बसत नाही. तुला कुठून घेतलंय ते ठाऊक आहे, सांगायला हवं हे ठाऊक आहे, आणि आता ते लपवून देणारा माणूस किती घेतो याची तू चौकशी करून आला आहेस. उतरवून घेणं ही एक गोष्ट; माग पुसणं ही दुसरी. समितीत आम्ही हेतू कशावरून ठरवतो असं मुलं विचारतात. माग पुसलेला दिसला की ठरवायचं फारसं उरत नाही.

आता ३८ या आकड्याकडे बघू, कारण तुझी सगळी भीती त्यात अडकली आहे.

आयोगाच्या नियमांनी टक्केवारीप्रमाणे चार पायऱ्या केल्या आहेत. दहापर्यंत समानता असेल तर दंड नाही. दहाच्या वर आणि चाळीसपर्यंत असेल तर सुधारून पुन्हा सादर करायचं, त्याला जास्तीत जास्त सहा महिने. चाळीसच्या वर साठपर्यंत असेल तर वर्षभर सुधारित प्रत सादर करायलाच बंदी. साठच्या वर गेलं तर त्या अभ्यासक्रमाची नोंदणी रद्द. दुसऱ्यांदा सापडलं तर एक पायरी वरची शिक्षा. पदवी मिळून गेल्यावर सिद्ध झालं तर पदवी काही काळ स्थगित ठेवता येते. म्हणजे तुझा ३८ अगदी सादर केल्यानंतर आणि सिद्ध होऊनही "सुधारून आण" याच पायरीवर येतो. तू तर अजून सादरही केलेलं नाहीस. तुझ्या हातात आहे तो कच्च्या मसुद्याचा अहवाल. त्यात शिक्षेचा प्रश्नच नाही, दुरुस्तीचा आहे. (एक बारकावा: हे नियम प्रबंध आणि लघुप्रबंधांना लागू आहेत. वर्गातले स्वाध्याय, प्रकल्प अहवाल, उत्तरपत्रिका त्यातून वगळल्या आहेत. तुमच्याकडे याला 'प्रकल्प' म्हणत असतील तर विद्यापीठाचा स्वतःचा नियम काय आहे ते कार्यालयात विचार.)

दुसरं म्हणजे, समानता आणि चोरी एकच नव्हेत. सॉफ्टवेअर शब्दांच्या माळा जुळवतं, बाकी काही नाही. तुझ्या लघुप्रबंधात शिक्षण हक्क कायद्याची कलमं असतील तर ती जुळणारच. अवतरणचिन्हांत घेऊन संदर्भ दिलेला मजकूर, संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश, कायदे, प्रमाण सूत्रं, योगायोगाने जुळलेले सलग १४ शब्दांपर्यंतचे तुकडे, हे सगळं मोजणीतून वगळावं असं नियमच सांगतो. ग्रंथालयात ज्यांनी तपासणी केली त्यांनी हे वगळण्याच्या खुणा केल्या होत्या का, ते आधी विचारून घे. सूची न वगळल्यामुळे आकडा चांगलाच फुगलेले अहवाल मी पाहिले आहेत.

आणि उलटंही खरं. तुझं सैद्धांतिक प्रकरण सॉफ्टवेअरच्या हिशेबात शून्य टक्के आहे, पण पूर्णच्या पूर्ण दुसऱ्याचं आहे. आयोगाने व्याख्या करताना दुसऱ्याचं काम किंवा कल्पना स्वतःची म्हणून खपवणं असं म्हटलंय. त्यात भाषा बदलली की सुटका, असं कुठेही नाही. तेव्हा उद्या डीटीपीवाल्याने अडतीसाचे आठ केले तरी तुझ्या लघुप्रबंधातली सर्वांत मोठी चोरी जिथल्या तिथेच राहील.

मराठीत लिहिणाऱ्यांना एक खोटी सुरक्षितता वाटते, तिच्याविषयी जरा सविस्तर सांगते, कारण मला यात खूप पाहायला मिळालं आहे. २०१९ पासून 'शोधशुद्धी' योजनेतून आपल्या विद्यापीठांना तपासणीचं सॉफ्टवेअर मिळतं. आधी उर्कुंड होतं, आता ड्रिलबिट आहे. पण 'शोधगंगा' या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात मराठी प्रबंध उघडून बघ. कित्येक प्रबंध म्हणजे पानांची नुसती छायाचित्रं आहेत, कित्येक जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टांत टाइप केलेले आहेत. त्यातला मजकूर यंत्राला रोमन अक्षरांचा कचरा दिसतो. म्हणून मराठी प्रबंधाचा अहवाल दोन टक्के येतो आणि मुलं पेढे वाटतात. तो आकडा प्रामाणिकपणाचा नसतो, फॉन्टचा असतो.

यंत्राला जे दिसत नाही ते वाचणाऱ्याला दिसतं. महाराष्ट्रात एका विषयातले जाणकार मोजके. तुझ्या विषयावर मराठीत गंभीरपणे लिहिणारी माणसं किती असतील? बहिस्थ परीक्षक म्हणून जो येईल त्याने ती पुस्तकं वाचलेली असणार, कदाचित त्यांतलं एखादं त्याच्या गुरूचं असणार, क्वचित त्याचंच असणार. आमच्याकडे एका मुलीच्या लघुप्रबंधातलं दुसरं प्रकरण परीक्षकांनी वाचायला घेतलं आणि शांतपणे म्हणाले, "हा परिच्छेद मी लिहिला तेव्हा मला ताप होता, म्हणून तो इतका लांबला. तुम्हाला तो एवढा का आवडला?" ती मुलगी आजही भेटली की त्याची आठवण काढते, तेव्हा मात्र रडली होती.

खुणा राहून जातात. "मागील प्रकरणातील कोष्टक ४.७ वरून स्पष्ट होते" असं वाक्य, आणि मुलाच्या लघुप्रबंधात कोष्टकंच तीन. मधूनच 'तत्रैव' (म्हणजे आधीच्याच ग्रंथात) लिहिलेली तळटीप, जिच्या आधी दुसरी तळटीपच नाही, किंवा 'उ. नि.' (म्हणजे वर निर्दिष्ट केलेला) म्हणून ज्या ग्रंथाचा उल्लेख, तो वर कुठेच निर्दिष्ट नाही. माझी सर्वांत आवडती खूण अनुस्वारांची. १९६२ साली मराठी शुद्धलेखनाचे नवे नियम आले आणि 'कांहीं', 'नाहीं', 'असें' यांवरचे न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. एका लघुप्रबंधात दहा पानं 'काही, नाही' चाललं होतं आणि अकराव्या पानावर एकदम 'कांहीं लोक असें मानीत नाहींत' आलं. बाराव्या पानावर पुन्हा 'काही'. ते एक पान मुलाच्या आजोबांच्या पिढीतल्या कुणीतरी लिहिलेलं होतं, हे कळायला कुठलं सॉफ्टवेअर लागतं?

डीटीपीवाला काय करणार ते आता ऐक. तो शब्द बदलणार. हाताने किंवा एखाद्या संगणकीय साधनाने. समजा तुझ्या मूळ पुस्तकात असं वाक्य आहे (मीच रचते, उदाहरणापुरतं):

"उचल घेतलेली कुटुंबं दिवाळीच्या आसपास गाव सोडतात आणि मुलांच्या शाळेचं वर्ष ऐन मध्यावर तुटतं, कोयते परत येईपर्यंत परीक्षा तोंडावर आलेल्या असतात."

त्याचं तो असं करून देईल: "आगाऊ रक्कम स्वीकारलेले परिवार दीपावलीच्या सुमारास ग्राम त्यागतात व पाल्यांचे शैक्षणिक वर्ष मधोमध खंडित होते, विळे पुनरागमन करेपर्यंत परीक्षा समीप आलेल्या असतात."

विळे पुनरागमन करतात! हसू नकोस, याच्याइतकं हास्यास्पद मी खरोखर वाचलं आहे. ऊसतोडीत कोयता म्हणजे नुसतं हत्यार नव्हे, नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकटा माणूस अर्धा कोयता. उचल म्हणजे नुसती आगाऊ रक्कम नव्हे. हंगामभराच्या श्रमाने फेडायचं ते कर्ज आहे, आणि फिटलं नाही तर पुढच्या हंगामालाही माणूस त्याच मुकादमाशी बांधलेला. 'मुकादम'चं 'पर्यवेक्षक' आणि 'टोळी'चा 'गट' झाला की तुझा विषयच पुसला गेला. तू ज्या माणसांवर लिहितो आहेस त्यांचे शब्द विकत देऊन टक्के विकत घेतोयस. शिवाय वाक्याची चाल, विचारांचा क्रम, निरीक्षण, सगळं मूळ लेखकाचंच राहिलं. तेव्हा चोरी तेवढीच राहते, वर माग पुसल्याचा पुरावाही तयार होतो.

प्रामाणिक मजकूर कसा दिसतो? साधारण असा: "उसाचा हंगाम आणि शाळेचं वर्ष यांचं वेळापत्रकच एकमेकांवर आदळतं, असं अमुक यांनी दाखवलं आहे (वर्ष, पृष्ठ). मी ज्या कुटुंबांशी बोललो त्यांपैकी काहींनी मात्र मुलांना आजीकडे ठेवलं होतं. तिथे शाळा तुटली नव्हती, पण मोठ्या मुलीवर घर पडलं होतं आणि तिची हजेरी गेली होती." पहिल्या वाक्यात तू ऋण मान्य केलंस, दुसऱ्यापासून तुझं काम सुरू झालं. आणि गंमत बघ, संदर्भ दिल्यामुळेच तुझं निरीक्षण वेगळं उठून दिसतं. मुलांना वाटतं संदर्भ दिला की आपलं काही उरणार नाही. उलट, संदर्भ दिलाच नाही तर तुझं कोणतं आणि त्यांचं कोणतं हे परीक्षकाला कळत नाही, आणि मग तो सगळंच त्यांचं धरतो.

तर आता २४ दिवसांचं.

पहिल्या दिवशी अहवाल छापून घे. पडद्यावर बघू नको, कागदावर घे, आणि प्रत्येक रंगवलेल्या तुकड्याशेजारी तीनपैकी एक अक्षर लिही. 'नि' म्हणजे निरुपद्रवी: कायद्याचं कलम, संस्थेचं लांबलचक नाव, सगळेच वापरतात ती शब्दरचना. 'अ' म्हणजे अवतरण द्यायला हवं होतं, राहून गेलं. 'उ' म्हणजे उचललं. ही खूण परीक्षकांपर्यंत जायची नाही, म्हणून खरी कर. साधारणपणे मुलं 'अ' आणि 'उ' यांच्यात गडबड करतात; उचललेल्या दोन पानांना नुसती अवतरणचिन्हं घालून मोकळी होतात. दोन पानांचं अवतरण म्हणजे अवतरण नाही, पुनर्मुद्रण आहे. लेखकाचे नेमके शब्दच जिथे महत्त्वाचे आहेत तिथे चार ओळी घ्याव्यात. बाकी 'उ' सरळ कापून टाक. होय, पानं कमी होतील. १२० पानांचा लघुप्रबंध ७० पानांवर आला म्हणून कुणी नापास झालेला मला माहीत नाही. पण किमान पानांची अट आहे का ते मार्गदर्शकांना विचार.

कापलेल्या जागी परत लिहिताना पुस्तक बंद ठेव. आधी वाच, मग पुस्तक दुसऱ्या खोलीत ठेवून ये, मग जे आठवतं ते मित्राला फोनवर सांगावं तसं लिही. नंतर पुस्तक आणून दोन गोष्टी तपास: अर्थ बरोबर आहे का, आणि एखादं वाक्य तसंच्या तसं उतरलं आहे का. पान उघडं समोर ठेवून 'स्वतःच्या शब्दांत' लिहिता येत नाही. मला सव्वीस वर्षांनंतरही येत नाही.

भाषांतरित प्रकरणाचं मात्र एवढ्यावर भागणार नाही. ते पूर्ण बाजूला ठेव. मी ओळखते ही प्रकरणं: फ्रेंच समाजशास्त्रज्ञ बूर्द्यूची सांस्कृतिक भांडवलाची कल्पना (घरातून मिळालेली भाषा, पुस्तकं, वळण हीही एक पुंजीच), मग आणखी दोन-तीन पाश्चात्त्य नावं, मग 'भारतीय संदर्भ'. खरं सांग, बूर्द्यू तू वाचलास का? नसेल वाचला तरी ठीक आहे, एम. ए.ला प्रत्येकाने तो मुळातून वाचलाच पाहिजे असं मी म्हणणार नाही. पण मग तळटीपेत त्याच्या फ्रेंच ग्रंथाचं नाव घालू नकोस. त्या इंग्रजी प्रबंधातून तुला तो कळला असेल तर तसंच लिही: 'बूर्द्यू, अमुक यांच्या प्रबंधात उद्धृत', आणि पान दे. दुसऱ्याच्या तळटीपा उचलून आपल्या सूचीत घालणं ही आपल्याकडची सर्वमान्य चोरी आहे, प्राध्यापकसुद्धा करतात, आणि ती सापडते कारण मूळ लेखकाने पान चुकवलं असेल तर ती चूकही आपल्याबरोबर येते.

त्या तीस पानांऐवजी पाच पानं लिही. सुरुवातीलाच सांग की या प्रकरणाची मांडणी अमुक यांच्या प्रबंधातल्या अमुक प्रकरणावर आधारलेली आहे. एखादं वाक्य थेट हवं असेल तर अवतरणात घेऊन 'भाषांतर माझे' असं तळटीपेत लिही. आणि मग त्या कल्पनेने तुझ्या मुलाखती कशा वाचता येतात याची दोन पानं स्वतःची. घरात पुस्तक नाही, अभ्यासाची जागा नाही, हे सगळेच लिहितात. पण पालावर राहिलेल्या मुलाला ऊस, बैल, वजन, हिशेब यांचं जे कळतं ते शाळा का मोजत नाही, हा प्रश्न तुझ्या नोंदींतून निघू शकतो. तो कुठल्याही इंग्रजी प्रबंधात तुझ्यासाठी लिहून ठेवलेला नाही.

मुलाखतींचा विषय निघाला म्हणून एक. तुला माहिती देणारी माणसं हेही स्रोतच आहेत. एखाद्या बाईने सांगितलेलं मार्मिक वाक्य स्वतःचं विश्लेषण म्हणून घालू नकोस. नाव देऊ नये हे बरोबरच, पण 'निवेदक ७, स्त्री, वय ३५' एवढं तरी तिच्या वाक्याखाली असू दे. आणि प्रश्नावल्या वसतिगृहात बसून स्वतःच भरल्या असशील तर ते वाङ्मयचौर्य नाही, त्याहून वाईट काहीतरी आहे. त्यावर वेगळं बोलावं लागेल.

"असे म्हटले जाते", "तज्ज्ञांच्या मते", "अनेक अभ्यासकांनी नोंदवले आहे". हे तीन वाक्प्रयोग तुझ्या फाईलमध्ये शोधून काढ आणि प्रत्येकासमोर 'कोण?' लिही. मराठीतली बरीच उसनवारी अशा बिननावाच्या वाक्यांत दडून बसते.

कृत्रिम बुद्धिमत्तेचं विचारलं नाहीस, पण २४ दिवस म्हटल्यावर मोह होणारच. २०२२ च्या अखेरीला चॅटजीपीटी आलं आणि दोन वर्षांत समितीपुढची प्रकरणंच बदलली. मुलं म्हणतात, यंत्र म्हणजे 'दुसरी व्यक्ती' नाही, मग चोरी कुणाची? पण तू लघुप्रबंधासोबत सही करून हमी देतोस की हे काम मी स्वतः केलं आहे आणि ते मौलिक आहे. यंत्राने लिहिलेल्या प्रकरणावर ती सही खोटी ठरते, मूळ मालक असो वा नसो. शिवाय ही साधनं अस्तित्वात नसलेले संदर्भ आत्मविश्वासाने देतात. लेखक खरा, मासिक खरं, लेख मात्र कुणी कधी लिहिलेलाच नाही. अशी एक नोंद सूचीत सापडली की परीक्षक उरलेल्या सगळ्या नोंदी तपासतो. शुद्धलेखन बघायला, एखादा इंग्रजी उतारा समजून घ्यायला वापरलंस तर तसं मार्गदर्शकांना सांग आणि प्रास्ताविकात एक ओळ लिही. यंत्राने लिहिलेलं शोधून काढणाऱ्या साधनांवर मात्र माझा विश्वास नाही, मराठीच्या बाबतीत तर अजिबात नाही. निरपराध मुलांवर ठपका आलेला पाहिला आहे. म्हणून आम्ही तोंडी परीक्षेत विचारतो: "हा शब्द इथे का वापरलात?" ज्याने लिहिलंय तो अडखळत का होईना सांगतो.

पुढच्या वेळेसाठी वहीची एक सवय सांगते, कारण माझीही घसरगुंडी तिथेच झाली होती. पीएच.डी. करताना माझ्या तिसऱ्या प्रकरणात एक परिच्छेद होता, फार सुरेख. मार्गदर्शकांनी विचारलं, "हा तुझा?" मी हो म्हणाले आणि घरी येऊन रात्रभर वह्या चाळल्या. कळेचना. दोन वर्षांपूर्वी कुठून तरी उतरवला होता की स्वतः लिहिला होता, नोंदीवरून सांगता येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी तो काढून टाकला. अजून त्याची हळहळ वाटते, आणि अजून माहीत नाही तो कुणाचा. तेव्हापासून वहीच्या डाव्या पानावर दुसऱ्याचं, उजव्या पानावर माझं. डाव्या पानावर पहिला शब्द लिहिण्याआधी लेखक, पुस्तक, आवृत्ती, पृष्ठ क्रमांक. जसंच्या तसं उतरवलं तर दोन्ही बाजूंना ठळक अवतरणचिन्हं. सारांश असेल तर कडेला 'सा'. संगणकावर करत असशील तर दुसऱ्याच्या मजकुराला वेगळा रंग दे आणि तो रंग शेवटच्या मसुद्यापर्यंत काढू नकोस. मुलांच्या हातून रात्री दोन वाजता जे घडतं, ते बहुधा बिनपत्त्याची नोंद समोर असल्यामुळे घडतं. कुठून घेतलंय ते शोधायला तीन तास लागणार असतात, आणि झोप आलेली असते.

हे सगळं एवढं कशाला, कोण बघतंय, असं वाटेल. कार्ल-थिओडोर त्सु गुटेनबर्ग नावाचे जर्मनीचे संरक्षणमंत्री होते. त्यांना २००७ साली बायरॉइट विद्यापीठाची डॉक्टरेट मिळाली. चार वर्षांनी लोकांनी त्यांचा प्रबंध इंटरनेटवर पानापानाने ताडून पाहायला सुरुवात केली. फेब्रुवारी २०११ मध्ये विद्यापीठाने पदवी काढून घेतली आणि १ मार्चला मंत्रिपद गेलं. तू मंत्री होशील न होशील; पण आपल्याकडेही पदवी दिल्यावर महिन्याभरात लघुप्रबंधाची प्रत इन्फ्लिबनेटकडे ('शोधगंगा' चालवणाऱ्या संस्थेकडे) पाठवावी असं याच नियमांत आहे. ती तिथे राहते. जुन्या फॉन्टांचं रूपांतर करणारी, छायाचित्रातला मजकूर वाचणारी, इंग्रजी-मराठी ताडून बघणारी साधनं दर वर्षी सुधारतायत. आज जे सापडत नाही ते तू सेट-नेट होऊन कुठे लागलास की सापडेल.

उद्याच मार्गदर्शकांना भेट. फोनवर नको. अहवालाची खुणा केलेली प्रत ने आणि भाषांतरित प्रकरण ज्या प्रबंधातून घेतलं त्याचं पहिलं पानही ने. "सर, ही एवढी पानं माझी नाहीत, ती मी काढतोय; सैद्धांतिक भाग नव्याने लिहितोय, पाच पानांचा होईल; मला दोन आठवड्यांनी तुम्ही बघाल का?" एवढंच म्हण. कारणं सांगत बसू नकोस, घरची परिस्थिती वगैरे तर नकोच, ती त्यांना माहीत असेल. ओरडतील. ओरडू दे. सही त्यांचीही असते त्या प्रमाणपत्रावर, त्यामुळे आधी कळल्याबद्दल मनातून ते सुटकेचा श्वासच टाकतील. २४ दिवसांत होत नाही असं दिसलं तर मुदतवाढीचा अर्ज त्याच भेटीत द्यावा, शेवटच्या दिवशी देऊ नये.

आणि डीटीपीवाल्याकडे फाईल दिली असशील तर जाऊन त्याच्या संगणकावरून पुसून घे, समोर उभा राहून. तुझी क्षेत्रकार्याची प्रकरणं त्यात आहेत. पुढच्या वर्षी कुणीतरी त्याला ऊसतोडीवरचा लघुप्रबंध मागेल तेव्हा तो कुठून आणून देईल असं तुला वाटतं?